चुलाणातल्या गोगलगायी

फाल्गुन लागला की आमच्या कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजायला लागते आणि तिच्या वासाबरोबर माझं डोकं फिरायला लागतं. बाहेरगावचे पाहुणे नाक वर करून 'काय सुवास आहे' म्हणतात. घटकाभर थांबून निघून जाणाऱ्याला तसं म्हणायला काय जातं? आम्हाला तो वास उशीत लागतो, चहात लागतो, धुतलेल्या साडीत लागतो. यंदाही परवा मी वसमतहून एस.टी.नं आले, फाट्यावर उतरले आणि पहिल्याच झुळकीला मला ते वर्ष आठवलं. दरवर्षी आठवतं. आपल्याला आठवू नये म्हणून हळद काही शिजायची थांबत नाही.

मी वसमतला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. हळद शिजते त्याच दिवसांत आमच्या प्रात्यक्षिक परीक्षा येतात. समोर पोरं एकेक करून उभी राहतात, शर्टाची वरची गुंडी लावलेली, कपाळाला बुक्का. मी विचारते, "जीवाश्म म्हणजे काय?"

"मॅडम, डायनासोरचं हाडूक."

"आणि डायनासोर नसेल तर?"

"मंग न्हाई, मॅडम."

मी त्याला मार्क देते. त्याचा काय दोष? त्याच्या बापाला, आजाला, गावच्या पुढाऱ्याला, सगळ्यांना हाडाचंच कौतुक. मोठं हाड, मोठी मिशी, मोठी कमान. जे मऊ होतं, लहान होतं, चिखलात राहत होतं, ते आपलं कुणी असेल ही कल्पनाच या लोकांना शिवी दिल्यासारखी वाटते.

खरी गोष्ट अशी की प्राण्यांचा जुन्यात जुना पुरावा म्हणजे हाड नव्हेच. तो चिखलावर पडलेला ठसा आहे. सुमारे सत्तावन्न कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी काही मऊ जीव पडून होते. कुणी पानासारखे, कुणी चकतीसारखे, कुणी गोधडीच्या तुकड्यासारखे. त्यांचं तोंड कुठलं नि बूड कुठलं ते कळत नाही. त्यातल्या काहींना प्राणी म्हणावं की नाही यावर जाणत्यांची अजून भांडणं चालू आहेत. मग त्याच्या वरच्या खडकात सरपटल्याच्या रेघा दिसतात, बिळं दिसतात, शिंपल्यांचे बारीक कण दिसतात. आणि मग एकदम गर्दी. सांधेदार पायांचे, कवचाचे, काटेरी कातडीचे, अळीसारखे. आज पृथ्वीवर असलेल्या बहुतेक प्राणिघराण्यांचे मूळपुरुष तिथं हजर होतात. एकदम म्हणजे कोटी-दोन कोटी वर्षांत. पण खडकाच्या हिशेबानं ते एकदमच. काही शहाणे लगेच टाळ्या पिटतात, म्हणजे पाहा, आकाशातून पडले! अरे, त्यांना आईबाप होते. आईबापांचं अंग मऊ होतं, कुजून गेलं, एवढंच. ज्याचा दगड झाला नाही तो जन्मलाच नाही, असं म्हणणाऱ्याला काय म्हणावं? आणि त्या गर्दीत आपल्याकडचंही कुणीतरी होतं. बोटाच्या पेराएवढं, चपटं, पाठीतून एक लवचीक दोरी गेलेली. त्याला डोकं म्हणण्याजोगं डोकंही धड नव्हतं. आमच्या जिल्ह्यात आजही निवडून येतील असे बरेच लोक त्याच्यावर गेलेले आहेत.

तेवढे जुने खडक आमच्याकडे नाहीत. आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून गोठलेला लाव्हा. त्यात कुठल्या जिवाचा ठसा सापडायचा प्रश्नच नाही. पण आमच्या शेतातल्या घराशेजारची विहीर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोल करायला घेतली तेव्हा दोन काळ्या थरांच्या मधोमध एक पांढुरका पट्टा लागला. सुरुंग लावणारा माणूस म्हणाला, "दगड चिवट हाय, पर पाणी न्हाई लागायचं." विहिरीवरच्या यारीनं तो दगड वर ओढून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग घातला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाणी न देणाऱ्या दगडाकडे आमच्याकडे कोण पाहतो? हळद शिजवायची लोखंडी काहील ठेवायला अण्णांनी त्याच दगडांचं चुलाण रचलं.

ते वर्ष काहिलीचं शेवटचं. पुढच्या साली हळद वाफवायचा बॉयलर आला आणि चुलाण मोडलं. पण त्या वर्षी कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ रोज रटरटत होता, वर हळदीच्या पाल्यानं आणि ओल्या गोणपाटानं झाकलेली काहील, फेस उतू जाऊन कडेला वाळलेला. आणि मधेच चुलाणाचा एखादा दगड फटाका वाजावा तसा तडकायचा. माझी धाकटी बहीण नंदा जाळाजवळ बसायची. दगड तडकला की ती निखारा सारून कपची काठीनं बाहेर ओढायची आणि मला हाक मारायची, "आक्का, आजूक निघाल्या!"

कपचीवर गोगलगायी असायच्या. नखाएवढ्या, पीळदार, डाव्या अंगाला वळलेल्या, अंगावरची रेघ न् रेघ शाबूत. एक लाव्हा येऊन गेला, गार झाला, त्याच्या खळग्यात पाणी साचलं, शेवाळ आलं आणि कुठून तरी ह्या आल्या. कितीतरी पिढ्या त्या तळ्यात सुखानं चरल्या. मग दुसरा लाव्हा आला. मी ते नंदाला सांगितलं तेव्हा ती कपची हातात फिरवत म्हणाली, "आपल्या शेताचे पहिले मालक ह्येच म्हणायचे मंग." मला हसू आलं. आमच्या घरात शेताच्या मालकीवरून भावाभावांनी डोकी फोडलेली आहेत.

गावात बातमी गेली की मॅडमच्या शेतात काहीतरी जुनं निघालं. आठ दिवस रांग. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "डायनासोर हाय का?" गोगलगायी आहेत म्हटलं की चेहरा पडायचा. एक जण तर म्हणाला, "हट्, त्या तर पावसाळ्यात आमच्या न्हाणीत बी निघत्यात." आणि माझ्या तोंडावर थुंकल्यासारखा बाजूला पिचकारी टाकून निघून गेला.

त्याच दिवसांत नंदाला पाहायला सेनगावकडचे लोक आले. मुलगा प्रल्हाद, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. त्याला वडील नव्हते, म्हणून पुढारपण चुलत्याकडे, भास्कररावांकडे. भास्करराव म्हणजे इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी, आणि बसले की आसपासच्या माणसांना सरकून बसावं लागेल असं बसणं. प्रल्हाद मात्र चहा झाल्यावर चुलाणापाशी गेला. नंदानं न लाजता एक कपची त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती उन्हाकडे धरली आणि विचारलं, "ह्या तळ्यातल्या का वाहत्या पाण्यातल्या?"

मला त्या वर्षी विचारला गेलेला तो एकमेव शहाणा प्रश्न. मी म्हटलं, "तळ्यातल्या." तो म्हणाला, "वाटतंच. कवच लई नाजूक हाय." नंदानं ती कपची त्यालाच ठेवायला सांगितली. त्यानं ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि जाताना दोनदा खिसा चाचपून पाहिला. पाहुणे गेल्यावर नंदा मायला म्हणाली, "मला पसंत हाय." आमच्या घराण्यात मुलीनं असं स्वतःहून म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मायनं तोंडावर पदर धरला, पण आतून ती हसत होती.

त्या भेटीत भास्कररावांनी माझीही परीक्षा घेतली होती. "मॅडम, तुमी पोरास्नी शिकवता म्हणं की माणूस माकडापासून झाला. मंग आता माकडं काहून माणूस होऊन न्हाई राहिली?"

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी एक समाधान असतं, जणू पृथ्वीवर पहिल्यांदा त्यालाच तो सुचला. मी म्हटलं, "भास्करराव, तुम्ही तुमच्या चुलतभावापासून झालात का?"

"म्हंजे?"

"माकड आपली चुलत भावकी. आजा दोघांचा एक, पण तो ना माकड होता ना माणूस. आणखी मागं गेलं तर ह्या गोगलगायीही भावकीतच."

ते मोठ्यांदा हसले. "तुमची असंल. आमचं खानदान सरदाराचं हाय." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "पोरगी पसंत हाय. आता तुमच्या घराण्याचं बी कळू द्या. बैठकीत चार माणसं पुसत्यात, तवा बराबर सांगता यावं."

अण्णांचा चेहरा तिथंच उतरला. कारण आमचं घराणं पणजोबांपाशी संपतं. त्यांच्या मागं काय, कुणालाच ठाऊक नाही. माझा अंदाज असा की कुठल्यातरी दुष्काळात कुणाच्या तरी गाडीमागं चालत आलेलं ते एक भुकेलं माणूस असावं. त्यानं इथं काम मागितलं, राहिलं, आणि त्याच्यामुळे आम्ही आहोत. मला त्याचा अभिमान वाटतो. अण्णांना मात्र त्याची लाज वाटायची, न पाहिलेल्या माणसाची.

हळदीच्या दिवसांत दरसाल मोतीराम भाट यायचा. अंगणात उभा राहून डोळे मिटून वंशावळ म्हणायचा, सूपभर हळद आणि ज्वारी घेऊन पुढच्या घरी जायचा. सगळं तोंडपाठ. आमच्या घरची वंशावळ तो अण्णांपासून सुरू करायचा, आजोबा, पणजोबा, आणि तिथं त्याला हटकून खोकला यायचा. चांगला ढास लागल्यासारखा खोकायचा, पाणी प्यायचा, आणि खोकला थांबला की एकदम सूर्यापाशी असायचा. लहानपणी आम्ही दोघी त्या खोकल्याची वाट पाहायचो आणि पोट धरून हसायचो. त्या खोकल्यात आमच्या किती पिढ्या गेल्या असतील कुणास ठाऊक.

मी ज्या पुस्तकांवरून शिकवते त्यांत प्राण्यांचीही वंशावळ असते, झाडासारखी काढलेली. जिथं पुरावा आहे तिथं रेषा सलग, जिथं नाही तिथं तुटक. तुटक रेषेच्या शेजारी कधी कधी एक प्रश्नचिन्ह. इथून पुढं आम्हाला माहीत नाही, असं जगासमोर छापून सांगायचं. तिथंही लबाडी झालेली आहे, नाही असं नाही. कुणी दोन जनावरांची हाडं एकत्र चिकटवली, कुणी दातांवर कानस मारली. पण ते उघडकीला आलं की त्या जनावराला झाडावरून खाली उतरवतात आणि रेषा पुन्हा तुटक करतात. मला त्या तुटक रेषेइतकं सभ्य दुसरं काही पाहायला मिळालेलं नाही. आमच्या समाजात ती काढायची सोयच नाही. इथं प्रत्येकाला सलग रेघ लागते, आणि तिच्या वरच्या टोकाला घोडा.

त्या वर्षी भाट आला तेव्हा अण्णांनी त्याला बाजूला घेतलं. मी जवळच हळकुंडं पसरत होते. अण्णा म्हणाले, "मोतीराम, यंदा खोकू नको."

मोतीरामनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग डोळे मिटले आणि खोकल्याच्या जागी एक माणूस उभा केला. सरदार समशेरराव. अंगात चिलखत, पाठीला ढाल, लढाईत जखमी झाला तरी निशाण सोडलं नाही. अण्णांनी श्वास रोखून ऐकलं. पुरं झाल्यावर लहान मुलासारखं विचारलं, "आन् घोडं कोन्त्या रंगाचं?"

"पांढरंशुभ्र," मोतीराम म्हणाला. त्या दिवशी त्याला दोन सुपं हळद मिळाली.

पुढचे काही दिवस अण्णा चुलाणाला जाळ लावता लावता समशेरराव पाठ करत होते. मी म्हटलं, "अण्णा, कशाला? पणजोबांच्या मागचं माहीत नाही म्हणा की." ते म्हणाले, "तुला न्हाई कळायचं. तू पोरास्नी गोगलगायी शिकव." दगड तडकत होता, नंदा कपच्या ओढत होती, आणि बाप शेजारी बसून कधी जन्मलाही नाही असा एक माणूस घोकत होता. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बैठक आमच्या अंगणात झाली. दोन्हीकडची माणसं, पानाचं तबक, भास्कररावांच्या हातात अडकित्ता. अण्णांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. पणजोबांपर्यंत सगळं ठीक. मग म्हणाले, "आन् त्येंचे मूळपुरुष सरदार समशेरराव."

अडकित्ता अर्ध्या सुपारीत थांबला.

"काय म्हणला? फिरून म्हणा."

अण्णांनी अभिमानानं फिरून म्हटलं. चिलखत, ढाल, निशाण.

"घोडं?" भास्कररावांनी विचारलं.

"पांढरं."

"पांढरंशुभ्र?"

"शुभ्र."

भास्करराव उठून उभे राहिले. "अहो, ह्यो तर आमचा समशेरराव!"

मोतीराम भाट त्यांच्याकडेही जायचा, आणि तिथंही त्याला कुठंतरी खोकला येत असणार. आता खरं तर दोन शहाणी माणसं असती तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहून खो खो हसली असती आणि तारीख काढून मोकळी झाली असती. पण इथं हसतंय कोण? एकच मूळपुरुष म्हणजे एकच कूळ. एकच कूळ म्हणजे मुलगा-मुलगी भाऊ-बहीण. मी मधे पडले. म्हटलं, हा माणूस झालाच नाही, भाटानं दोन्हीकडे एकच मुखवटा विकला. भास्करराव माझ्यावर उखडले. "झाला न्हाई ह्याचा पुरावा दाखवा!" जन्मभर पुराव्याचं शास्त्र शिकवून त्या दिवशी मला कळलं की या माणसाला पुरावा म्हणजे काय ते समजावता येणार नाही.

जीप पाठवून मोतीरामला आणवलं. तो आला, त्यानं दोन्ही बाजूंचे चेहरे पाहिले आणि काय झालंय ते तत्काळ ओळखलं. डोळे मिटले. मला वाटलं, आता तरी खोकेल. पण त्यानं स्पष्ट, गोड आवाजात सांगितलं, "समशेररावास्नी दोन लेक. थोरला सेनगावाकडं गेला, धाकला कुरुंद्याला राह्यला." जन्माला न आलेल्या माणसाला त्यानं उभ्या उभ्या दोन पोरं दिली, आणि त्यांतला थोरला अचूक भास्कररावांना दिला. भास्करराव जरा निवळले.

नंतर गोठ्यापाशी मी मोतीरामला धरलं. तो ओशाळला नाही. "बाई, गावोगाव घरोघर मधी खड्डा हाय. समद्यास्नी त्यात सरदारच लागतो. गरीब माणूस घालतो म्हणलं तर ज्वारी बी देत न्हाईत. म्या येवढे सरदार कुठून आणू?"

"मग आता काढ त्याला."

"घातलेला माणूस काढता येत न्हाई, बाई. येक काढला तर लोक समदीच माळ खोटी म्हणत्यात." त्याचं खोटं मी समजू शकले. त्याच्याकडून ते विकत घेणाऱ्यांबद्दल मात्र माझ्या मनात त्या दिवसापासून किळस बसली ती बसलीच.

अंगणात परत आले तर नंदा बाहेर येऊन उभी होती. चार पुरुषांच्या बैठकीत आमच्याकडे मुलगी येत नाही. तिच्या हाताला ओली हळद होती. ती अण्णांना म्हणाली, "अण्णा, येकदा म्हणा की पणज्याच्या मागचं आमाला ठावं न्हाई. येवढंच म्हणा."

अण्णांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाले, "चार माणसांत? चार माणसांत कसं म्हणू, नंदे?"

तिनं प्रल्हादकडे पाहिलं. तो "काका..." म्हणाला. भास्कररावांनी मान वळवली आणि तो खिशावर हात ठेवून खाली बघत बसला. एवढा पाठीचा कणा असलेला प्राणी, पण वेळेला त्या चपट्या पूर्वजासारखाच चिखलाकडे तोंड करून. मी त्याला त्या दिवशी माफ केलं नाही.

दोन म्हाताऱ्यांनी तिथंच तोड काढली. झालं ते बरंच झालं, आधी कळलं, आता भाऊ-बहीण माना. लग्न मोडताना जेवढा आनंद या लोकांना होतो तेवढा जुळवताना होत नाही. पुढच्या भाऊबीजेला भास्कररावांच्या घरून प्रल्हादच्या नावानं नंदाला साडी आली. मोरपंखी, जरीच्या काठाची. माय ती कवटाळून रडली. नंदा रडली नाही. तिनं साडी फडताळात ठेवली आणि फाल्गुनात खळ्यावर अंथरून तिच्यावर शिजलेली हळद वाळत घातली. एका हंगामात तिचा रंग गेला. दुसऱ्या हंगामात ती पोत्याच्या तोंडाला बांधायच्या चिंध्यांत निघाली.

पुढे स्थळं आली. नंदा प्रत्येकाला एकच विचारायची, "तुमच्या पणज्याच्या मागं कोण व्हतं?" पाहुणे सुरू व्हायचे, आणि सरदार आला की ती उठून आत जायची. ठाऊक नाही, असं म्हणणारा एकही निघाला नाही. अण्णा गेले तोवर तिनं शेत, बॉयलर, हळकुंडं घासायचा पॉलिशचा ड्रम, सगळं हातात घेतलं होतं. अण्णांनी शेवटपर्यंत समशेरराव सोडला नाही. सोडणार कसे, त्याची किंमत नंदानं मोजली होती. तिच्याशी नजर मिळवून मात्र ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

आणि समशेरराव? तो मजेत आहे. काही वर्षांनी त्याची जयंती निघाली, कारण त्याची जन्मतिथी कुणालातरी सापडली. मग डीजे आला, फलक आले, फलकांवर पांढरं घोडं आणि घोड्याखाली हात जोडलेल्या जिवंत पुढाऱ्यांची मुंडकी. यंदा त्याचा पुतळा होतोय, भास्कररावांच्या गावच्या वेशीवर. प्राणिघराण्यांच्या उगमावर माणसं आयुष्यं घालवतात, एका ठशासाठी डोंगर चाळतात आणि तरी 'कदाचित' असं लिहितात. इथं एका खोकल्यातून निघालेल्या माणसाला ब्राँझचे पाय येतायत.

परवा मी फाट्यावरून शेतात पोचले तेव्हा बॉयलरची वाफ चालू होती आणि धुऱ्याला जीप उभी होती. पुतळा समितीचे लोक आले होते. पुढं भास्करराव, आता काठी टेकत, पण सदरा तसाच. मागं प्रल्हाद. केस पांढरे, चष्मा. त्याचं लग्न झालेलं, मुलं मोठी, हे ऐकून माहीत होतं. या घरी तो त्या बैठकीनंतर पहिल्यांदा येत होता.

भास्करराव नंदाला म्हणाले, "पोरी, तू काय परकी हाईस व्हय? धाकल्या पातीची म्हंजी आमच्याच घरची. पुतळ्याच्या पायात घराण्यातल्या परतेक घरचा, आपापल्या शेतातला येक दगड घालायचा ठरलंय. तुमचा बी पायजे." मग मागं वळून म्हणाले, "सांग की रं ताईला."

प्रल्हादनं घसा खाकरला. "ताई..." म्हणाला, आणि चष्मा काढून पुसत राहिला.

नंदानं वाफेची चावी बंद केली. हात लुगड्याला पुसले. मला वाटलं, ही आता यांना हाकलून देणार, आणि मी त्याला अगदी तयार होते. पण ती विहिरीच्या कडेला गेली, जिथं मोडलेल्या चुलाणाचे दगड अजून पडून आहेत. त्यांतला एक तिनं उचलून आणला. जाळानं एक अंग काळं पडलेलं, दुसऱ्या अंगाला कपची उडालेली, आणि तिथं दाटीनं गोगलगायी.

भास्कररावांनी काठीनं तो टोकरला. "ह्यो? फुटका, जळका? पोरी, सरदाराच्या पायात घालायचा हाय."

"तिथंच घाला," नंदा म्हणाली. "बराबर घोड्याच्या खाली घाला. वरच्याचं मला ठावं न्हाई, काका. ह्ये खरंच व्हते."

बॉयलरमधून उरलेली वाफ सूं करत जात होती. भास्करराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि जीपकडे वळले. "टाक रं मागं त्यो," त्यांनी प्रल्हादला सांगितलं.

प्रल्हादनं दोन्ही हातांनी दगड उचलला. चष्मा कपाळावर सारून त्यानं तो उन्हाकडे फिरवला, अगदी तेव्हा फिरवला होता तसा. जीपमध्ये मागं बाकीच्या घरांचे दगड होते, मोठे, घडवलेले, शेंदूर आणि हार लावलेले. तो त्यांच्यापर्यंत गेला, थांबला, आणि परत फिरून पुढच्या सीटवर दगड मांडीवर घेऊन बसला.

"नंदा," तो म्हणाला, "तळ्यातल्याच ना ह्या?"

"तळ्यातल्याच," नंदा म्हणाली आणि बॉयलरची चावी पुन्हा उघडायला वळली.